जनुकाची दुसरी जागा

११ ऑक्टोबर १९८२

हॅमिश गेला. मेला नाही, कॅनडाला लेकीकडे गेला. पण विभागात आज सगळ्यांचे चेहरे सुतकी होते. कित्येक वर्षं आम्हाला निरोगी माणसाची गुणसूत्रं बघायची झाली की भांडारातल्या हॅमिशला हाक मारायची. तो बाही वर सारत यायचा, नळीभर रक्त द्यायचा आणि बदल्यात आल्याच्या बिस्किटांचा पुडा घेऊन जायचा. "मला आतून इतक्या बायकांनी पाहिलंय," तो म्हणायचा, "की घरी सांगायची सोय नाही."

आता रक्त कुणाचं? प्रयोग तर थांबवता येत नाही. प्रोफेसर लॉरिमरना हवंय ते थोडक्यात असं. वारेचं एक संप्रेरक असतं. गरोदर बाईच्या वारेतच ते बनतं. मूल जन्मलं की बंद. पण ते बनवायची कृती, म्हणजे त्याचं जनुक, प्रत्येक माणसाच्या पेशीपेशीत असतं, हॅमिशच्यासुद्धा. ते सतराव्या गुणसूत्रावर आहे एवढं दुसऱ्या लोकांनी दाखवून झालंय. गाव कळलंय, घर मला शोधायचंय.

मी माझंच रक्त दिलं. नियम असा की नव्या दात्याची गुणसूत्रं आधी विभागातल्या विल्मानं पट्टे रंगवून तपासायची. तिच्याकडे कामाचा ढीग आहे, दोन आठवडे सहज गेले असते. आणि माझी तिनं पाहिलेली आहेत, १९६९ साली, तिसऱ्या वेळेनंतर. "सेहेचाळीस, सगळी जागच्या जागी," हे तिचेच शब्द. तेव्हा पट्ट्यांची रीत निघालेली नव्हती, सगळं सरसकट एकाच जांभळ्या रंगात बुडवत असू. पण विल्माची नजर म्हणजे विल्माची नजर. मी 'तपासलेला दाता' असं लिहून मोकळी झाले.

१५ ऑक्टोबर

आज काचपट्ट्या तयार झाल्या. माझी गुणसूत्रं छान पसरली आहेत. स्वतःबद्दल असं लिहायला विचित्र वाटतं, पण खरंच छान.

त्यांच्यावर त्या जनुकाची किरणोत्सारी नक्कल सोडली. ती आपला जोडीदार शोधून त्याला चिकटते. मग अंधारखोलीत काचपट्ट्या फोटोच्या द्रवात बुडवून काळ्या डब्यात बंद करायच्या आणि थंडीत ठेवून द्यायच्या. जिथं नक्कल चिकटली तिथं चांदीचा बारीक काळा कण उमटतो. पण त्याला आठवडे लागतात, आणि तोवर उजेडाची तिरीपही चालत नाही.

अंधारखोलीत मला बरं वाटतं. तिथं एकटं असणं हा कामाचाच भाग असतो. कुणी विचारत नाही.

३ नोव्हेंबर

पहिला डबा उघडला. कण आहेत! पुसट नाहीत, चांगले ठसठशीत. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून होते. एका पेशीत एखाददुसराच कण सापडतो, आणि त्यातले पुष्कळ उगाच, वाट चुकून कुठंही पडलेले. म्हणून शेकडो पेशी बघायच्या आणि प्रत्येक कण कागदावर काढलेल्या गुणसूत्रांच्या आकृतीवर टिंब देऊन नोंदवायचा. टिंबांची गर्दी होईल तिथं घर.

घरी येताना समुद्रावरून धुकं आलं होतं. युनियन स्ट्रीटवर समोरचा माणूस दिसत नव्हता. खालच्या मिसेस टॉश जिन्यात भेटल्या, "आज उशीर?" म्हणाल्या. दिवसभरात माझ्याशी विभागाबाहेर बोललेलं हे एकच वाक्य. मी "हो, थोडा," म्हणाले, आणि मग वर आल्यावर वाटलं, जरा जास्त बोलायला हवं होतं.

१० नोव्हेंबर



टिंबांची गर्दी सतराव्याच्या खालच्या भुजेवर, टोकाकडे झाली. अपेक्षाच होती. पण दुसरी एक गर्दी झाली आहे: दहाव्या गुणसूत्राच्या खालच्या टोकाला. आधी वाटलं योगायोग. आणखी पेशी मोजल्या, गर्दी वाढतच गेली. जवळजवळ सतराव्याएवढीच.

म्हणजे या जनुकाला दुसरी जागा आहे. कुणालाही माहीत नसलेली. माझी नेमणूक पुढच्या सप्टेंबरला संपते, आणि आजवर मी केलेलं सगळं कुणाच्या तरी कामाला हातभार असं होतं. हे एकटीचं आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी का होईना.

१२ नोव्हेंबर

लॉरिमरना दाखवलं. ते आकृतीवर इतके वाकले की चष्मा कागदावर पडला.

"दहावं? दहाव्यावर काय करतंय ते?"

"मला तरी काय माहीत? राहतंय."

ते हसले. ते हसतात तेव्हा लहान होतात. कपाटातून शेरीची बाटली काढली, दुपारचे तीन वाजले होते. मार्चमध्ये एडिंबरोला सभा आहे, तिथं मी बोलायचं. फक्त त्याआधी दुसऱ्या एका माणसाच्या रक्तावर हेच पुन्हा दाखवायचं. "दोन माणसांत दिसलं की मग कुणाच्या बापाची भीती नाही."

ते एडिंबरोला फोन करायला शेजारच्या खोलीत गेले, तेव्हा विल्मा दारात उभी होती. विल्मा गेडीस, साठीला टेकलेली, गुणसूत्रं ओळखण्यात तिचा हात धरणारं या किनाऱ्यावर कुणी नाही. तिनं आकृती पाहिली. अभिनंदन नाही, काही नाही.

"एकाच पेशीत जोडीतल्या दोन्ही दहाव्यांवर कण, असं कधी दिसलं का?" तिनं विचारलं.

"अगं, एका पेशीत कणच एखादा असतो. असं कसं सांगता येईल?"

"हं. दाता कोण?"

"मीच! तूच नाही का पाहिलीस मला, एकोणसत्तर साली?"

तिनं शेरीचा पेला न पिता टेबलावर ठेवला आणि गेली. लॉरिमर परत आले आणि तिचा भरलेला पेला बघून म्हणाले, "तिला बरं नाही, वाटतं." मला ते बरं न वाटणं कशाचं ते कळलं. तीस वर्षं या मायक्रोस्कोपांवर तिचं राज्य आहे. आणि नवी जागा सापडली ती मला.

२१ नोव्हेंबर

रविवारी नेटाचा फोन. माझी थोरली बहीण, दीड वर्षानं मोठी. फ्रेझरबर्गला असते, नवऱ्याची, सँडीची, मासळीची बोट आहे. नेहमीप्रमाणे आधी हवा, मग सँडीचा गुडघा, मग शेवटी, फोन ठेवता ठेवता:

"कर्स्टीचं राहिलं नाही गं. तिसऱ्या महिन्यात."

कर्स्टी तिची लेक, चोवीस वर्षांची. मागच्या वसंतातही एकदा असंच झालं होतं. मी म्हणाले, "तरुण आहे ती. होईल." नेटा म्हणाली, "तिला सांगतेय मी, ती हॉटेलातली नोकरी सोड, सारखं उभं राहायचं. तू नाही का त्या शिडीवर चढून पडदे लावायचीस..."

शिडी. सतरा वर्षं झाली त्या शिडीला. मी म्हणाले, दुधाचं भांडं गॅसवर आहे. गॅसवर काही नव्हतं.

कर्स्टीला लोकरीचा मफलर विणायला घेतलाय. आणखी काय करणार? मला या बाबतीत सांगण्यासारखं काहीच ठाऊक नाही. डॉक्टर म्हणाले होते, दोष काही दिसत नाही. विल्मानं सांगितलं, सेहेचाळीस. ज्यात दोष दिसत नाही ते माणसाच्या वागण्यावर येतं. शिडीवर येतं, नोकरीवर येतं. ड्युगल, माझा तेव्हाचा नवरा, एकदाही तसं बोलला नाही, पण तो बोलायचाच बंद झाला. चौथ्यांदा प्रयत्न करू असं तो म्हणाला होता. मी नको म्हणाले.

२९ नोव्हेंबर

दुसऱ्या रक्तासाठी विचारत होते, तर विल्मा स्वतःच आली, बाही वर करून. "माझं घे."

"तू? तुला तर सुई बघून चक्कर येते."

"मग डोळे मिटते. घे लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

डोळे मिटून बसली होती, तेव्हा तिच्या पापण्या थरथरत होत्या. तिचं हे बळ कशासाठी ते मला कळतं: रक्त तिचं म्हटल्यावर शोधनिबंधात नावही तिचं येणार. येऊ दे. मला वाटून घ्यायला हरकत नाही. फक्त सरळ मागितलं असतं तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

विल्मानं घरून मसुराचं सूप आणलं, डबाभर. "जास्त झालं होतं." एकट्या बाईचं सूप जास्त होतं कसं? मीही एकटीच राहते. मला माहीत आहे, आपण बरोबर एका वाडग्याचं करतो.

मग म्हणाली, "ड्युगलला मुलं झाली का गं?"

इतकी वर्षं शेजारी बसतो, तिनं त्याचं नावसुद्धा कधी काढलं नव्हतं. मी म्हणाले, "दोन. मुलगा आणि मुलगी. इन्व्हर्नेसला असतात."  मला राग आला. जिंकत असलेल्या माणसाला जखम दाखवायचीच असेल तर याहून बरी वेळ सापडणार नाही, असं वाटलं. सूप मात्र छान होतं. सगळं संपवलं.

१४ डिसेंबर

विल्माच्या रक्ताच्या काचपट्ट्या आज डब्यात बंद केल्या. आता जानेवारीपर्यंत वाट.

एक खटकलं. फ्रिजमध्ये माझ्या उरलेल्या पेशींची नळी होती, ती निम्मी झाली आहे. कुणीतरी न विचारता घेतलीय. विभागात हल्ली कुणाला शिस्त राहिलेली नाही.

२६ डिसेंबर

काल दिवसभर घरीच. नेटानं बोलावलं होतं, मी सर्दीचं कारण सांगितलं. कर्स्टीसमोर बसून मी काय बोलणार? तिला बघितलं की मला ती दिसणार नाही, मी दिसेन. मफलर पोस्टानं पाठवलाय.

कोंबडीचा एक तुकडा भाजला. रेडिओवर राणीचं भाषण ऐकलं आणि मग एडिंबरोच्या भाषणाची सुरुवात लिहून काढली. मोठ्यानं वाचून पाहिली. "आम्हाला असं आढळलं की..." खोलीत आवाज बरा घुमला. 'आम्हाला' हा शब्द मला फार आवडतो.

संध्याकाळी विल्माचा फोन आला. "काय करतेस?" "काही नाही." "मीही."  ती काहीतरी सांगणार आहे असं वाटलं. शेवटी म्हणाली, "रस्त्यावर बर्फ आहे, जपून चाल." मी घराबाहेर पडणारच नव्हते.

१० जानेवारी १९८३

दुसरा डबा उघडला. विल्माच्या पेशी. सतराव्यावर गर्दी आहे, सुरेख. दहाव्यावर काही नाही.

पुन्हा मोजलं. काही नाही. एखादा वाट चुकलेला कण, बस्स.

म्हणजे माझ्या हातून पहिल्या वेळी काहीतरी बिघडलं. नक्कल अशुद्ध होती? धुणं कमी पडलं? पण अशुद्ध नक्कल सगळीकडे चिकटली असती, नेमकी एका टोकाला का चिकटावी? लॉरिमरना सांगितलं. ते ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, "एडिंबरोला विषय कळवून बसलोय गं मी." मग खिडकीकडे तोंड करून, "बरं, बघ काय ते."

दुसरी जागा गेली तर मी पुन्हा सप्टेंबरपर्यंतची बाई.

१३ जानेवारी

हे नीट लिहायचंय.

दुपारी विल्मा आली. दार लावून घेतलं. म्हणाली, "ऊठ. माझ्या खोलीत ये." तिच्या मायक्रोस्कोपखाली काचपट्टी लावलेली होती, पट्टे रंगवलेली. तिच्यासारखे पट्टे कुणालाच जमत नाहीत. प्रत्येक गुणसूत्र विणलेल्या मोज्यासारखं आडव्या रेघांचं, प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या.

"दहाव्यांची जोडी बघ," ती म्हणाली.

मी बघितली. एक दहावं जसं असतं तसं. दुसऱ्याचं खालचं टोक निराळं. उंचीला तेवढंच, पण रेघा त्याच्या नाहीत.

"आता सतरावी."

एक सतरावं ठीक. दुसऱ्याच्या टोकाला दहाव्याच्या रेघा.

दोन तुकड्यांची अदलाबदल. इकडचं टोक तिकडे, तिकडचं इकडे, आणि दोन्ही तुकडे जवळजवळ एकाच मापाचे. विभागात हे मी पन्नासदा पाहिलंय, दुसऱ्यांच्या पेशींत. आणि मी अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "कुणाची आहे?"



मग फ्रिजमधली निम्मी झालेली नळी आठवली.

"नोव्हेंबरपासून माहीत होतं तुला?"

"संशय होता. खात्री नाताळाच्या आधी झाली. पण नाताळात कसं सांगू गं? मग नवीन वर्ष आलं. मग म्हटलं, माझ्या रक्ताचा डबा उघडू दे, कदाचित माझंच चुकत असेल. देवाशप्पथ, आयुष्यात पहिल्यांदा वाटत होतं की माझं चुकावं."

मी मायक्रोस्कोपवरून डोळे काढले नाहीत. काढले असते तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

"एकोणसत्तर साली मी दोन दिवस बसले होते तुझ्या पेशींवर," ती म्हणाली. "सेहेचाळीस. मापं बरोबर. त्या जांभळ्या रंगात दिसणारच नव्हतं ते, पण तू विचारलंस तेव्हा मी 'दिसत नाही' म्हणाले नाही. 'सगळी जागच्या जागी' म्हणाले. तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटलं होतं," मी म्हणाले. हे खरं आहे. पाच मिनिटं बरं वाटलं होतं. मग घरी जाताना कळलं, गुणसूत्रांचा दोष नसेल तर तो माझा आहे.

 मग तिनं चहा केला. कप माझ्या हातात दिला आणि हात लगेच काढून घेतला नाही.

१४ जानेवारी

कामावर गेले नाही. अंथरुणात पडून हिशेब केला. हा हिशेब मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. माझ्यात काही कमी नाही, काही जास्त नाही, फक्त दोन तुकडे एकमेकांच्या घरी राहतात. पण मुलाला प्रत्येक जोडीतलं एकच जातं. दोन्ही साधी गेली तर मूल ठीक. दोन्ही बदललेली गेली तरी ठीक, माझ्यासारखं. एक साधं आणि एक बदललेलं गेलं तर एका तुकड्याची दुप्पट आणि दुसऱ्याची खोट. असं मूल टिकत नाही. माझ्या तिघांच्या वाट्याला तसंच आलं असणार.

शिडी नव्हती. पडदे नव्हते.

आणि चौथ्याच्या वाट्याला कदाचित तसं आलं नसतं. हे मी एकदाच लिहितेय.

१६ जानेवारी

आज सकाळी दात घासताना कर्स्टी आठवली, आणि मी तशीच तोंडात फेस घेऊन न्हाणीघरातल्या टबाच्या कडेवर बसले. दोनदा. तिचं दोनदा राहिलं नाही. मफलर विणत होते मी! दोन महिने त्याच जनुकाचे कण मोजत होते आणि मफलर विणत होते.

नेटाला फोन केला. शक्य तितक्या साध्या शब्दांत सांगितलं. माझ्यात आहे, आईकडून किंवा बाबांकडून आलेलं असणार, तुझ्यातही असू शकेल, तुझ्यातून कर्स्टीत.

नेटा म्हणाली, "तुम्ही लोक त्या नळ्यांसमोर बसून बसून काहीतरी उकरून काढता. आमच्यात नाही असलं काही. मला कर्स्टी झाली ना?"

"झाली. ते नशीब."

"तुझ्याकडे नव्हतं म्हणून माझं नशीब होय?"

फोन ठेवला तिनं.

१७ जानेवारी

सकाळी सातला फोन वाजला. नेटा. आवाज बसलेला.

"कर्स्टीच्या आधी माझी दोन गेली होती, एल्सी."

"काय? कधी?"

"त्रेपन्न... नाही गं, छप्पन आणि सत्तावन्न. तू ग्लासगोला शिकत होतीस. आणि नंतर एक, पासष्टला."

"मला का नाही बोललीस?"

"आधी तू लहान होतीस. आणि पासष्टला तुझं पहिलं नुकतंच गेलं होतं. तुझ्यासमोर कशी बोलणार? मला निदान एक होती."

म्हणजे आम्ही दोघी एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून सतरा वर्षं हवेबद्दल बोलत होतो. मी म्हणाले, "आणि ती शिडी?" नेटा रडायला लागली. "मला काहीतरी कारण हवं होतं गं. माझ्याकडे शिडीसुद्धा नव्हती."

१८ जानेवारी

   

लॉरिमरना सांगितलं: पहिला दाता सदोष होता, दहावं आणि सतरावं यांची अदलाबदल. दुसरी जागा नाही. दहाव्यावर दिसलं ते सतराव्याचंच टोक.

ते खुर्चीत खचले. मग हळूहळू सरळ झाले. मग उठून फळ्यावर सतरावं काढायला लागले.

"थांब. तुटलंय कुठं? इथं? आणि जनुक गेलं तुटलेल्या तुकड्याबरोबर? म्हणजे जनुक या रेघेच्या खालीच असणार! अगं एलस्पेथ, नुसते कण मोजून आपल्याला अर्धी भुजा मिळाली असती, यानं तर जागा निम्म्याहून आखूड होते. हे सोनं आहे सोनं! कोण आहे हा दाता?"

"एक बाई आहे."

"आणखी रक्त देईल?"

"देईल बहुतेक."

"विचार तिला. गोड बोल. बिस्किटं दे!"

विल्मा दारातून म्हणाली, "प्रोफेसर, चहा घ्या जरा," आणि तिचा आवाज असा होता की त्यांनी चपापून खडू खाली ठेवला. का ते त्यांना कळलं नाही.

२९ जानेवारी

कर्स्टी आली होती, बसनं, तो मफलर गळ्यात घालून. अजून नोकरीवर आहे. आईचं ऐकलेलं नाही. रक्त मागच्या आठवड्यात दिलं होतं, आज विल्मानं निकाल दाखवला. तिच्यातही तीच अदलाबदल आहे, तंतोतंत. नेटाचं बघायची गरजच उरली नाही, तरी बघायचंय.

मला वाटलं, पोर कोसळेल. ती बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये बघत राहिली. विल्मानं सुईच्या टोकानं दाखवलं, हे इथून इथवर.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं?" कर्स्टी म्हणाली.

"काही नाही."

"ट्रे उचलले म्हणून नाही?"

"नाही गं."

"आणि पुढच्या वेळी?"

विल्मानं समजावलं. पुढच्या वेळी पोटातलं पाणी थोडं काढून बाळाची गुणसूत्रं बघता येतात. ठीक निघायची शक्यता चांगली आहे. खात्री नाही, शक्यता. विल्मानं या वेळी शब्द फार जपून वापरले.

मग कर्स्टी माझ्याकडे वळली. "एल्सीमावशी, तुला हे कुणी सांगितलं?"

"आत्ताच कळलं. या महिन्यात."

"आणि तेव्हा? तेव्हा कोण होतं तुझ्याजवळ?"

मी सांगणार होते, ड्युगल होता, आई होती. पण खरं म्हणजे कुणी नव्हतं. तिनं माझा हात धरला. तिचे हात गार होते, हॉटेलात सारखे पाण्यात असतात. बसला वेळ होता म्हणून दोघी बंदरावर जाऊन मासे आणि बटाटे खाऊन आलो. ती खूप बोलते. मी विसरलेच होते, माणसं जेवताना बोलतात.

२१ फेब्रुवारी

एडिंबरोला लॉरिमर बोलणार आहेत, मी नको म्हणाले. निबंधात माझं नाव पहिलं आहे, विल्माचं दुसरं. नेमणुकीचं त्यांनी वर लिहिलंय; बघू. जनुकाची जागा एकच: सतराव्याची खालची भुजा, तुटलेल्या रेघेच्या खाली.

आज मसुदा टंकून आला. दात्याची माहिती मीच लिहून दिली होती: स्त्री, वय ४४, प्रकृती चांगली, मूल नाही. लॉरिमरनी ते नीटनेटकं केलंय. 'दाता ही ४४ वर्षांची निरोगी, अपत्यहीन स्त्री आहे.'

ते वाक्य घेऊन मी बराच वेळ बसले. दुपारी नवीन रक्त दिलं होतं, कोपराच्या आतल्या बाजूला कापूस चिकटवलेला होता. मग उठून त्यांच्याकडे गेले.

"प्रोफेसर, यातला एक शब्द बदलायचाय."

"कोणता? अपत्यहीन? का? तूच तर लिहून दिलंस."

"'तीन वेळा गर्भधारणा झालेली' असं लिहायचं."

"जनुकाच्या जागेशी त्याचा काय संबंध? शिवाय अशा खासगी गोष्टी छापायला त्या बाईची हरकत असेल."

"नाही. मी विचारलंय तिला."

त्यांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कोपराकडे, मग पुन्हा तोंडाकडे. चष्मा काढला.  बिस्किटांचं त्यांना आठवलं असावं, कारण कान लाल झाले.

"एलस्पेथ," ते म्हणाले.

त्यांनी पेन उचललं. 'अपत्यहीन' हळूच खोडलं आणि वरच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं. अक्षर त्यांचं वाईट आहे, पण हे सावकाश, वाचता येईल असं लिहिलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, कागदाकडेच बघत, पुटपुटले:

"शब्द वाढले. संपादक कुरकुर करतील."

"मग दुसरीकडचे कापा," मी म्हणाले.